डाव्या बाजूचा पाटा

१ डिसेंबर १९९६, रविवार

इस्टेट ऑफिसची चिठ्ठी आली. क्वार्टरच्या मागे उभी असलेली नादुरुस्त गाडी पंधरा जानेवारीच्या आत हलवावी. बरोबरच आहे त्यांचं. सव्वादोन वर्षं झाली, पिकअप तिथंच बसली आहे. पुढचं डावं चाक आत वळलेलं, पाय मुरगळलेल्या माणसासारखी. बोनेटखाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली!

अण्णा म्हणाले, "भंगारवाल्याला बोलाव."

मी म्हटलं, "नाही. मी दुरुस्त करते."

अण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं. "तू?"

मी! का नाही? तेरा वर्षं कारखान्याच्या चाचणी विभागात आहे. दुसऱ्यांनी घडवलेलं, जोडलेलं लोखंड तपासायचं, पास की नापास ते ठरवायचं आणि खाली सही करायची. मला लोखंड कळतं. इंजिनाला काही झालेलं नाही. पुढची बाजू तेवढी खिळखिळी आहे — गाडीचं वजन पेलणारे कमानीचे पाटे, बुश, किंगपिन, सगळं. उघडायचं, घासायचं, बदलायचं, परत बसवायचं. त्यात अवघड काय आहे?

आई काठी टेकत आत गेली.

२ डिसेंबर

ठरलं. सहा रविवार आहेत हातात. पुरतील.

४ डिसेंबर, बुधवार

जनरल शिफ्ट सुटल्यावर सायकल गोविंदपुऱ्याकडे वळवली, रईसभाईंच्या गॅरेजवर. पूर्वी आमची पिकअप तेच बघायचे. साठी उलटली असेल, पण पान तेच आणि आवाजही तोच. मी सगळं सांगितलं. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "मैडम, आप करेंगी? कमानी का काम है, हाथ कट जाते हैं."

"कटने दो," मी म्हटलं.

हसले. जॅक दिला, दोन मोठे पाने दिले, सागाचे चार ठोकळे दिले. वर म्हणाले, "विजय मियाँ की कोई ख़बर?"

इटारसीला असतो, एवढंच सांगितलं.

घरी येताना तेच डोक्यात. या वहीत त्या दिवसाबद्दल मी कधी लिहिलंच नाही. सप्टेंबर ९४. माझा धाकटा भाऊ विजय रोज पहाटे करोंदच्या मंडीतून भाजी उचलून टाउनशिपच्या दुकानांना पोचवायचा. त्या दिवशी आईही बरोबर गेली होती, घरच्यासाठी गहू बघायला. परत येताना पुलियाजवळ गाडी अचानक डावीकडे गेली आणि कठड्यावर आदळली. विजयला खरचटलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं.

विजय एकच सांगत होता, "मी हळू होतो. गाडी आपोआप ओढली गेली." हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अण्णा त्याला म्हणाले, "आईला मारलीच होतीस. पुन्हा तोंड दाखवू नकोस." आणि मी? मी म्हटलं होतं, "खोटं बोलू नकोस विजय. गाडी आपोआप वळत नसते."

चौथ्या दिवशी तो घर सोडून गेला. तेव्हा सव्वीसचा होता.

आई अजूनही म्हणते, तो हळूच चालवत होता. आया असंच म्हणतात.

८ डिसेंबर, रविवार

पहिला दिवस आणि झकास! मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक. चॅसी सागाच्या ठोकळ्यांवर टेकवली. चाक वर-खाली धरून हलवलं — खडखड खडखड! किंगपिन संपलेले. म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती खिळीच झिजलेली. आडवं धरून हलवलं, तिथंही ढिलाई. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं गेली. धक्के झेलणारा शॉकअप दाबला तर दाबलेलाच राहिला, वर यायचं नावच नाही!

सगळं लिहून काढलं. कामाला लागायच्या आधी दोषांची यादी करायची, हा आमच्या विभागाचा नियम. यादी झाली की भीती जाते.

शेजारच्या वंदनाताई कुंपणावरून बघत होत्या. "अगं सरोज, हे काय गं बाईमाणसानं..." मी म्हटलं, "वंदनाताई, तो तेवढा हातोडा द्या बघू." दिला बिचारीनं. नंतर अर्धा तास तिथंच उभी राहून विचारत होती, हे काय, ते काय.

अण्णा एकदा मागच्या दारात आले. बघितलं. गेले.

९ डिसेंबर

उजव्या हाताला दोन फोड. ऑफिसात पेन धरताना दुखलं. चालायचंच.

११ डिसेंबर, बुधवार

उजवा किंगपिन निघता निघत नव्हता. दोन दिवस डिझेल सोडून ठेवलं होतं. आज पितळी दांडा लावून घाव घातले — मोजले नाहीत, पण वंदनाताईंनी मोजले म्हणे. एक्कावन्न! शेवटच्या घावाला असा काही निसटला की मी मागच्या मागे बसले.

हातात घेऊन बघितला. एका बाजूनं इतका झिजलेला की नखाला पायरी लागते. वीस-वीस पोती भाजी वाहिल्यावर दुसरं काय होणार!

अण्णा आज दहा मिनिटं उभे होते. म्हणाले, "बुश ठोकून बसवू नकोस. प्रेसवर बसव." तेवढंच. पण बोलले तर! पस्तीस वर्षांपूर्वी नागपूरहून इथं आले ते वेल्डर म्हणून, आणि वेल्डर म्हणूनच रिटायर झाले. त्यांनी केलेला जोड कधी नापास झाला नाही. नव्या पोरांना त्यांचे जोड दाखवायला न्यायचे — माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, सगळे सारख्या अंतरावर. मी तेव्हा नवीन होते. 'दिगंबररावांची मुलगी' म्हणून माझी ओळख करून द्यायचे. राग यायचा. अभिमानही वाटायचा.

१४ डिसेंबर

डावी बाजूही मोकळी झाली. किंगपिन, हब, सगळं बाहेर. चाकं ज्यांच्यावर फिरतात ते स्पिंडल घासलेटमध्ये धुतले, पुसले, वर खडूची पूड चोळली. बारीक चीर असेल तर आत शिरलेलं घासलेट खडूवर उमटतं, काळी रेघ दिसते. जुनी युक्ती, पण चोख. दोन्ही स्पिंडल निर्दोष. अॅक्सलही दोरी लावून पाहिला. सरळ!

उद्या पाटे उतरवायचे. पुढचा रविवार हाताशी शिल्लकच राहणार बहुतेक.

१५ डिसेंबर, रविवार

आज जे दिसलं ते नीट लिहायला हवं.

डाव्या बाजूचे यू-बोल्ट काढले, पाट्यांचा जुडगा खाली घेतला. सगळ्यात वरचा लांब पाटा पुढच्या टोकाशी तुटलेला. टोकाला पाटा गोल वळवलेला असतो, त्यात बुश नावाची नळी बसते आणि तिथून पाटा चॅसीला अडकतो. त्या गोलापासून चार बोटांवर तुटला होता. आधी वाटलं, आदळल्यावर तुटला असेल, दुसरं काय! तुकडा बाजूला ठेवला. मग सवयीनं परत उचलला. तुटलेली बाजू तारेच्या ब्रशनं घासली, पुसली, उन्हात धरली.

दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, काळा. त्यावर अर्धगोल रेघा, तळ्याचं पाणी उतरत जातं तेव्हा काठावर दिसतात तशा. आणि उरलेला थोडासाच भाग खरबरीत, दाणेदार.

असा तुकडा मी शंभर वेळा पाहिलाय. यावर रिपोर्ट लिहिलेत. धक्क्यानं तुटलेलं लोखंड असं दिसत नाही. ही चीर महिना महिना वाढत गेली होती. त्या दिवशी पाट्याचा तिसरा हिस्साच काय तो शिल्लक होता, तोही रस्त्यात गेला. पाटा सुटला की डावीकडचा अॅक्सल मागे सरकतो. डावं चाक मागे जातं. गाडी डावीकडे ओढली जाते.

आपोआप.

१६ डिसेंबर, सोमवार

काही लिहवत नाही. विजय खरं बोलत होता.

माझ्या टेबलावर रोज चाळीस तुकडे येतात. एकही हातात घेऊन न बघता नापास केला नाही आजवर. आणि भावाला व्हरांड्यात उभ्या उभ्या नापास केलं. गाडीखाली वाकून बघायला पाच मिनिटं लागली असती.

१७ डिसेंबर, मंगळवार

चीर कुठून सुरू झाली ते आज सापडलं. पाट्याच्या खालच्या अंगाला, गोलाच्या जवळ, एक लोखंडी पट्टी वेल्डिंगनं जोडली आहे. कुरकुर थांबवायला कुणीतरी केलेलं काम. पट्टी अजून घट्ट आहे. पण वेल्डिंगला अगदी लागून चीर पडली. पडणारच! पाट्याच्या पोलादाला वेल्डिंग करायचं नसतं. ज्वाळ लागली की ते तिथं काचेसारखं ठिसूळ होतं. कारखान्यात पहिल्याच वर्षी शिकवतात.

वेल्डिंग घासून साफ केलं आणि हात थांबले. माशाच्या खवल्यांसारखं, एकावर एक, सारख्या अंतरावर.

हा हात मला ओळखता येतो. अक्षर ओळखावं तसा. अण्णांचा!

अण्णांना माहीत नसेल असं कसं होईल? त्यांना तर झोपेतही माहीत असेल. पण घरचं काम, दोन दिवसांची सोय, घाईत माणूस काय करेल सांगता येत नाही. मी तेरा वर्षं हेच पाहतेय. मोठमोठे कारागीर अशाच ठिकाणी चुकतात.

उद्या विचारणार. सरळ विचारणार.

१८ डिसेंबर, बुधवार

विचारलं.

संध्याकाळी अण्णा व्हरांड्यात होते. दोन्ही तुकडे वर्तमानपत्रावर त्यांच्यापुढे ठेवले. आईही तिथंच मटार सोलत होती. मी चीर दाखवली, रेघा दाखवल्या, सगळं सांगितलं. विजयचा दोष नव्हता. मग तुकडा उलटा केला.

"हा हात कुणाचा, अण्णा?"

त्यांनी चष्मा पुसला. तुकडा उजेडाकडे धरला. अंगठा वेल्डिंगवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. आईचे मटार तसेच राहिले.

"कुणाचा, अण्णा?"

"माझा," म्हणाले.

"कधी केलंत?"

"आठवत नाही."

"पाट्याला वेल्डिंग? तुम्ही?"

"केलं. चुकलं." तुकडा खाली ठेवला. "विजयला फोन कर. सांग, गाडीतच दोष होता, त्याचा नव्हता. माझ्या हातून झालं ते मी त्याला सांगेन. तू सांगू नकोस. फक्त ये म्हणावं."

मला काय काय बोलायचं होतं! दोन वर्षं एका मुलाला घराबाहेर ठेवलंत, ते स्वतःच्या चुकीसाठी! तोंडाशी आलं होतं. पण आईनं माझा हात धरला. असा उजळलेला चेहरा तिचा मी ऑपरेशननंतर पाहिलाच नव्हता. "मी सांगत होते ना," एवढंच म्हणाली. अण्णांना नाही, मला.

जेवताना अण्णांनी दुसरी पोळी घेतली नाही. मीही वाढली नाही. अजून राग आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

पिपलानीच्या एसटीडी बूथवरून इटारसीला फोन केला. विजय तिथं एका धान्याच्या गोदामात आहे. नंबर आईकडे होता. दोन वर्षं तिच्या डब्यात! बोलवायला दहा मिनिटं लागली.

"ताई? आई ठीक आहे ना?"

सांगितलं, ठीक आहे. मग पुढचं सांगितलं. पाटा आधीच तुटत आला होता. तू हळूच होतास. मी तेव्हा बघायला हवं होतं. नाही बघितलं. माझी चूक.

तिकडे गोदामात कुणीतरी मोठ्यानं पोती मोजत होतं.

"अण्णा काय म्हणाले?"

"ये म्हणाले."

"स्वतः म्हणाले?"

"स्वतः."

"बघतो," म्हणाला. फोन ठेवला.

बघतो!

२२ डिसेंबर, रविवार

काम थांबवलेलं नाही. उलट दुप्पट केलं. शनिवारी जिन्सीत जाऊन दोन्ही बाजूंचे वरचे पाटे नवे बनवून आणले. कमानीवाल्यानं विचारलं, एकच तुटलाय तर दोन का? म्हटलं, दोन पाय सारखे नकोत का?

आज बसवले. मधला बोल्ट, मग यू-बोल्ट आलटूनपालटून, कोपऱ्याकोपऱ्यानं थोडे थोडे आवळत. नवे रबरी बुश घातले, पण त्यांचे बोल्ट सैलच ठेवले. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पिळवटतं आणि महिन्याभरात फाटतं.

अण्णा सबंध दिवस स्टूल टाकून बसले होते. पाने हातात देत होते, न मागता, बरोबर तोच. आम्ही बोललो नाही. पण बाराचा पाना हवा असताना बाराचाच हातात येत होता. माणसावर रागावून राहणं अशानं अवघड होतं.

२९ डिसेंबर, रविवार

रईसभाईंच्या प्रेसवर किंगपिनचे बुश बसवले. बुशचं भोक मापात आणणारा रीमर मीच फिरवला. सावकाश, एका दिशेनं, मधे मधे तेल. पिन तळव्यानं दाबली की आत गेली पाहिजे, आपल्या वजनानं पडता कामा नये. दुसऱ्याच प्रयत्नात जमलं! रईसभाईंनी पिन वर-खाली केली, कानाशी नेऊन फिरवली. शेजारच्या गॅरेजवाल्याला हाक मारली, "अरे को खाँ, इधर आके देखो! इसे कहते हैं काम!"

फुलले मी. का फुलू नये?

विजयचं काही नाही.

२ जानेवारी १९९७

शॉकअप, टाय रॉडची टोकं, ग्रीस — झालं. आज चार चाकांवर उभी केली. बुशांचे बोल्ट आवळले. दोरी बांधून पुढच्या चाकांचं अंतर साधलं, चाकांच्या पुढच्या कडेला मागच्या कडेपेक्षा तीन मिलिमीटर कमी. पंधरा तारखेला अजून तेरा दिवस आहेत!

५ जानेवारी, रविवार

चालली!

बॅटरी रईसभाईंनी आणून लावली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू. मांजर आधीच पळून गेली होती. मी एकटीच एक फेरी मारून येणार होते. दार उघडलं तर आई काठी घेऊन पायरी उतरत होती. निळी शाल, पायात चपला.

"मी बसते पुढे."

सव्वादोन वर्षांत ती कुठल्याही गाडीत बसली नाही. दवाखान्यात जायचं तरी सायकलरिक्षा. आम्ही दोघींनी धरून तिला चढवलं, वंदनाताईंनी आणि मी. ती डॅशबोर्ड धरून बसली. नखं पांढरी पडली होती.

"कशी घेऊ?" विचारलं.

"विजय घ्यायचा तशी."

पिपलानीच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो. ताशी वीस, मग तीस. सरळ रस्त्यावर मी स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलले. "आई, बघ!" गाडी रेघ ओढल्यासारखी सरळ! खड्डा आला, दबली, एकदा वर आली, शांत. खडखड नाही, थरथर नाही. पंपावरून वळवली तेव्हा आईनं डॅशबोर्ड सोडला होता. हात मांडीवर. म्हणाली, "करोंदला जाऊ एकदा. त्या पुलियावरून."

"आत्ता?"

"आत्ता नको. तो आला की."

अण्णा फाटकापाशी उभे होते. आल्यावर गाडीच्या भोवती फिरले, वाकले, डाव्या बाजूला जरा जास्त वेळ. "पास," म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं काम तपासलं. मी त्यांचं तपासून नापास केलं होतं, त्यांनी माझं पास केलं. राग गेला आज. चूक मान्य करायला या वयात छाती लागते. मला साधलं असतं का? माहीत नाही.

८ जानेवारी

कार्ड आलं! आईच्या नावानं. 'रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येतो. स्टेशनवर कुणी येऊ नये.'

अण्णांनी तीनदा वाचलं. चौथ्यांदा माझ्याकडून वाचून घेतलं.

११ जानेवारी

इस्टेट ऑफिसात सांगून आले, गाडी चालू झाली आहे. बाबू बघतच राहिला. आईनं साटोऱ्या केल्या. अण्णा न्हाव्याकडे जाऊन आले.

१२ जानेवारी, रविवार

विजय आला. बारीक झालाय, मिशी ठेवलीय. पाया पडायला वाकला तर अण्णांनी अर्ध्यातच धरला.

चहा झाल्यावर गाडी दाखवायला मागे नेलं. भिंतीशी जुना सामान-कचरा होता. त्यातून त्यानं तो तुकडा उचलला, उलटा केला आणि हसला.

"ताई, अगं हा तर माझा जोड! चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात तुम्ही तिघं काकांच्या तेराव्याला नागपूरला गेला होतात ना, तेव्हा केला होता. अण्णांच्या घरच्या वेल्डिंग मशीनवर, त्यांच्याकडे बघून शिकलो होतो तसा. फार कुरकुर करायची गाडी. बघ, पाटा तुटला पण माझा जोड नाही सुटला! आहे की नाही अण्णांसारखा?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आहे," म्हणाले. आणि तुकडा हळूच त्याच्या हातातून काढून घेतला.

चीर त्या जोडापासूनच सुरू झाली, हे मी विजयला सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.